जुन्या कारटेपवर एमपीथ्री प्लेअरची गाणी

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत कॅसेटचा टेप आहे. एमपीथ्री प्लेअरच्या हेडफोनची वायर कापून थेट गाडीच्या स्पीकरला जोडली तर चालेल का? मेकॅनिक म्हणतो, नवा स्टिरिओच घ्या.
– एक वाचक, सातारा

उत्तर : वायर कापू नका आणि नव्या स्टिरिओची घाईही नको. हेडफोनसाठी निघणारा सिग्नल फार क्षीण असतो. तो अ‍ॅम्प्लिफायरमधून गेल्याशिवाय गाडीचे स्पीकर नीट वाजत नाहीत. शिवाय स्पीकरच्या वायरींवर टेपचा आउटपुट असतो. तो उलटा शिरला तर प्लेअर जळू शकतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅसेट अडॅप्टर. दिसायला कॅसेटच, पण तिच्या कडेतून एक बारीक वायर निघते. तिची ३.५ मिमीची पिन प्लेअरमध्ये खोचा आणि कॅसेट टेपमध्ये सरकवा, झालं! टेपचं हेड बिघडलेलं असेल तर एफएम ट्रान्समीटर घ्या. मात्र शहरात मोकळी फ्रिक्वेन्सी शोधावी लागते. काही टेपच्या मागे लाल-पांढरी ‘ऑक्स’ सॉकेट असतात. ती असतील तर ३.५ मिमी ते आरसीए केबल लावा. आवाज सर्वांत स्वच्छ येईल.

मागची सॉकेट पाहण्यासाठी टेप बाहेर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. प्लेअर गाडीत चार्ज करताना इंजिनाबरोबर चढणारी ‘कुंई’ ऐकू आली तर ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. आणि गाणी बदलायची ती गाडी थांबवूनच!