द्रुत सीमा-तपासणी आणि आपली जबाबदारी

पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. डिचोली-पेडण्याच्या प्रवाशाला दाबोळीसाठी मांडवी व झुआरी ओलांडाव्या लागत. आता विमानतळ अंगणात आला आहे. साहजिकच 'डॉक्टर, पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन आखातात जातोय, औषधे लिहून द्या' ही विनंती आपल्या दवाखान्यांत वारंवार ऐकू येते.

नेहमी परदेशी जाणाऱ्यांसाठी भारत सरकारने २२ जून २०२४ रोजी दिल्लीत 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर तो पोहोचला. भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारक यांनी आधी ऑनलाइन अर्ज करावयाचा, पडताळणीनंतर बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र द्यावयाचे. मग स्वयंचलित दारातून इमिग्रेशन पार पडते. इमिग्रेशन जेथे होते, तेथेच हा लाभ मिळतो. म्हणून गोव्याहून मुंबईमार्गे जाणाऱ्यास तो मुंबईत उपयोगी पडेल.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. इमिग्रेशन माणसाची तपासणी करते, कस्टम्स सामानाची. पहिल्या दारातून झटपट सुटलेल्या प्रवाशाला दुसरे दार माफ नसते. अमेरिकेच्या 'ग्लोबल एन्ट्री' योजनेत २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही प्रवेश आहे. तेथे कस्टम्सचा नियम मोडल्यास सदस्यत्वच रद्द होऊ शकते. तसेच आईवडिलांच्या सदस्यत्वावर मूल जाऊ शकत नाही. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र सदस्यत्व लागते.

आता वैद्यकीय बाजू. ठशांच्या रेषा गर्भावस्थेतच तयार होतात आणि त्यांची रचना जन्मभर टिकते. परंतु हाताचा इसब, कष्टाची कामे वा काही औषधे यांमुळे त्या पुसट होतात. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या सिंगापूरच्या एका कर्करुग्णाला ठसे न उमटल्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर काही तास अडकून पडावे लागले. ही हकीकत २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा रुग्णाजवळ डॉक्टरांचे पत्र असणे इष्ट.

औषधांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, तसेच चंचल मुलांना दिले जाणारे मेथिलफेनिडेट ही औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. ती नेण्यापूर्वी तेथील सरकारची परवानगी घ्यावी लागते. आपण सहज लिहून दिलेले खोकल्याचे औषध प्रवाशाला कोठडी दाखवू शकते. औषधच कशाला, आपल्या शाकुतीतील खसखससुद्धा तेथे निषिद्ध आहे. आजीने प्रेमाने बांधून दिलेल्या मसाल्याची पुडी म्हणूनच तपासून घ्यावी.

तेव्हा डॉक्टर बंधुभगिनींनी पुढील पथ्य पाळावे. प्रवासाचा देश विचारावा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा, कालावधी व निदान सुवाच्य इंग्रजीत लिहावे. शक्य तेथे नियंत्रित औषधाऐवजी पर्याय द्यावा. तो नसल्यास परवानगीसाठी वेळ मिळेल अशा बेताने पत्र द्यावे. प्रवाशांनी औषधे मूळ वेष्टनात, हातातील सामानात ठेवावीत आणि शंका असल्यास लाल मार्गाने जाऊन स्वतःहून जाहीर करावे.

विश्वासू प्रवासी हा किताब यंत्र देते खरे. तो टिकवणे मात्र प्रवाशाच्या पेटीवर आणि काही अंशी आपल्या चिठ्ठीवर अवलंबून असते.