ताकद कुठून येते?

मुलांनो, महाशिवरात्र जवळ आली की आपल्या मॉरिशसच्या रस्त्यांवर पांढऱ्या कपड्यांतील यात्रेकरू दिसू लागतात. खांद्यावर कावड घेऊन ते पायी गंगा तलावाकडे जातात. एवढे चालायला ताकद कुठून येते?

तुम्ही साखर कारखाना पाहिला असेल. उसाचा रस काढल्यावर उरलेले चिपाड तेथे जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेवर यंत्रे चालतात, वीजही तयार होते. आपले शरीरही असेच अन्न जाळते. मात्र त्यात ज्वाला नसते, धूर नसतो. हे काम अगदी हळूहळू चालते.

फराट्याचा एक घास तोंडात घ्या आणि खूप वेळ चावा. तो किंचित गोड लागेल. तुमच्या लाळेने पिठाची साखर करायला सुरुवात केली आहे! पुढे घास पोटात जातो, तेथून लहान आतड्यात. मोठ्या माणसाचे हे आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. नाव मात्र लहान! येथे अन्नातील साखर रक्तात मिसळते. रक्त ती सर्व शरीरभर पोहोचवते. आपण श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायूही रक्तातूनच जातो. दोघांची गाठ पडली की शक्ती मिळते. त्यातूनच अंग ऊबदार राहते. उरलेला कार्बन डायऑक्साइड वायू आपण श्वासावाटे बाहेर टाकतो.

सगळी साखर लगेच खर्च होत नाही. थोडी यकृतात आणि स्नायूंत साठून राहते. म्हणून एक वेळ जेवलो नाही तरी आपण चालू शकतो.

"मग मीही उपवास करून गंगा तलावापर्यंत चालणार," सुनीलचे आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मधुमेहाचे औषध घेता. आधी डॉक्टरांना विचारू या," आई म्हणाली.

डॉक्टरांनी आजोबांना नीट समजावले. "तुमचे औषध रक्तातील साखर कमी करते. त्यात तुम्ही जेवला नाहीत आणि वर चाललात, तर साखर फारच कमी होईल. घाम येईल, हात थरथरतील, चक्कर येईल. मेंदूला तर साखर सतत हवी असते. उपवास करू नका. थोडेच चाला."

आजोबा गप्प झाले. चाळीस वर्षांत त्यांचा हा उपवास कधी चुकला नव्हता. सुनीलने त्यांचा हात धरला. "आजोबा, शेवटचा रस्ता आपण दोघे मिळून चालू."

शिवरात्रीला आजोबा घरी जेवून निघाले. गंगा तलावाजवळ ते गाडीतून उतरले आणि नातवाबरोबर चालू लागले. सुनीलच्या पिशवीत फळांच्या रसाची बाटली होती. ती कशासाठी, हे आता तुम्हीच सांगा.

प्रश्न
१. फराटा खूप वेळ चावल्यावर गोड का लागतो?
२. साखर कारखाना आणि आपले शरीर यांत कोणते साम्य आहे?
३. डॉक्टरांनी आजोबांना उपवास का करू दिला नाही?
४. आज सकाळी तुम्ही काय खाल्ले? वहीत लिहा.