मोठी रायफल घेण्याआधी

टेक्सासमध्ये रायफल विकत घेणं अवघड नाही. वय १८ पूर्ण, ओळखपत्र, दुकानातच भरायचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आणि एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी. ही तपासणी बहुतेक वेळा काही मिनिटांतच उरकते. तुम्ही .२२ घ्या किंवा मैलभर मारा करणारी .३३८ लापुआ मॅग्नम घ्या, फॉर्म तोच आणि प्रश्नही तेच. कॅलिफोर्नियात २००५ पासून .५० बीएमजी रायफलींवर बंदी आहे, इलिनॉयनं २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. आमच्याकडे तसं काही नाही. कायदा अडवत नाही तिथे अडवायला ओळखीचं माणूस लागतं, आणि इथे नव्यानं आलेल्या आपल्या पोरांना असं माणूस क्वचितच भेटतं. म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या भाच्यानं ग्रीन कार्ड हातात पडल्यावर पहिली रायफल घेतली ती थेट .३३८ लापुआ. त्याआधी त्यानं आयुष्यात कधी बंदूक चालवली नव्हती. दुकानातल्या माणसानं एकदाही विचारलं नाही, की बाबा, यापूर्वी काय चालवलं आहेस? रायफल सुंदर होती, दुर्बीण महागाची होती. रेंजवर मी शेजारच्या बाकावर होतो. त्या रेंजवर मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या टोकाला लावतात तो) लावून मारायला मनाई असल्यानं त्यानं तो काढून ठेवला होता. दुर्बिणीतून बघताना कडेनं काळी सावली येत होती, ती जावी म्हणून त्यानं मान पुढे पुढे नेली आणि चाप ओढला. मी वळून पाहिलं तेव्हा उजव्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेनं केलेली अर्धचंद्रासारखी खोल जखम होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. "मामा, मला दिसत नाहीये," एवढंच तो म्हणाला. डोळा वाचला. पुढे बोटभर सरकला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

हे नशिबाचं नाही, साध्या गणिताचं आहे. .३३८ ची गोळी साधारण १६ ग्रॅमची, ती सेकंदाला ९०० मीटर वेगानं निघते. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू त्याहून वेगानं बाहेर पडतो. गोळी आणि वायू मिळून जेवढा जोर पुढे जातो, तेवढाच रायफलीला मागे ढकलतो. दुर्बिणीसकट ५ किलोची रायफल असेल, तर ती ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगानं तुमच्याकडे येते. हिशेब मांडला तर .३०८ च्या नेहमीच्या रायफलीपेक्षा धक्क्याची ऊर्जा अडीच पटीच्या आसपास भरते. .५० बीएमजीचं तर विचारूच नका. जॉन ब्राउनिंगनं ते काडतूस पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मशीनगनसाठी बनवायला घेतलं होतं, माणसाच्या खांद्यासाठी नव्हे. ते खांद्यावरून मारता यावं म्हणून रॉनी बॅरेटनं १९८० च्या दशकात जी रायफल घडवली तिचं वजन १४ किलोच्या घरात आहे, शिवाय तिची नळी धक्क्यासोबत मागे सरकते आणि टोकाला मोठा ब्रेक असतो. ते वजन धक्का पचवण्यासाठीच आहे. हलकी रायफल आणि मोठं काडतूस ही जोडी दुकानात उचलायला छान वाटते. डोंगरात हरणामागे दिवसभर चालणाऱ्या आणि दिवसाकाठी एखादीच गोळी मारणाऱ्या मुरलेल्या शिकाऱ्याला ती शोभते. शिकणाऱ्याला नाही.

मझल ब्रेकनं धक्का निम्म्यावर येतो असं विक्रेते सांगतात, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण ब्रेक वायूला आडवा वळवतो. तुमच्या खांद्यावरचं ओझं शेजारच्याच्या कानावर जातं. दुसऱ्या एका रेंजवर पत्र्याच्या छपराखाली माझ्या लगतच्या जागेवर एकानं ब्रेक लावलेली .५० चालवली, व्यवस्थापनानं ती चालवू दिली, आणि त्या दिवसापासून माझ्या डाव्या कानात बारीक शीळ वाजत राहते. मी कानावर मफ लावले होते, तरीही. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो आणि मोठ्या रायफलीचा आवाज १६० च्याही पुढे जातो. म्हणून कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावा. शेजारी ब्रेकवाली मोठी रायफल मांडली जाताना दिसली, तर संकोच न करता जागा बदला. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

भुवई भरून येते, पण धक्क्याची भीती मनात बसली की सहजी निघत नाही. भाचा पुढे .२२ हातात घेतली तरी चाप ओढायच्या आधी डोळे मिटायचा, खांदा आखडायचा. मेंदू मार लक्षात ठेवतो. याला उपाय एकच कळला आहे: जोडीदारानं खऱ्या काडतुसांत मधूनच एखादं नकली काडतूस मिसळून भरून द्यायचं. नेम धरणाऱ्याला माहीत नसतं कोणतं आहे. नकली आलं आणि तरीही नळी खाली झुकली, की दचकणं उघडं पडतं. मग घाई न करता, हलक्या रायफलीवर, ते हळूहळू जिरवायचं. भाच्याला कित्येक महिने लागले आणि त्या काळात त्याची ती महाग रायफल कपाटातच होती.

"मामा, लांब मारायचं तर मोठंच हवं ना?" हा त्याचा प्रश्न मात्र प्रामाणिक होता आणि तो पुष्कळांना पडतो. नको. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमोर हजार-बाराशे यार्डांपर्यंत ध्वनीहून वेगानं जातं आणि त्याचा धक्का .३०८ पेक्षाही कमी आहे. इथल्या प्रिसिजन रायफल सिरीजच्या स्पर्धांत .३० पेक्षा मोठं कॅलिबर चालतच नाही, आणि जिंकणारे बहुतेक ६ किंवा साडेसहा मिलिमीटरचंच काडतूस वापरतात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं ते .२२ च्या रायफलीवर. ५० मीटरवरचं त्याचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. श्वास, चापावरचा दाब, गोळी सुटल्यावरही नेम न सोडणं हे सगळं तिथेच शिकता येतं, आणि काडतूस काही सेंटांत मिळतं.

आधी .२२ घ्या. मग .३०८ किंवा ६.५. त्यानंतरही मोठ्याची ओढ राहिली, तर आधी कुणाची तरी चालवून बघा. दस्ता तुमच्या हाताच्या लांबीला बसतो का ते पाहा; दस्त्याचा तळ खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकवायचा, गळपट्टीच्या हाडावर किंवा दंडावर नाही. दुर्बिणीपासून डोळा साडेतीन-चार इंच मागे हवा, आणि कडेची सावली घालवायची तर दुर्बीण पुढेमागे सरकवून कसायची, मान नव्हे. बाकावर ताठ बसून मारताना अंग मागे हलत नाही आणि धक्का जास्त लागतो, तेव्हा सुरुवातीला मोजक्याच गोळ्या मारा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दस्त्याला खांदा लावू नये.

काडतुसांचंही पाहा. .३३८ चं एक काडतूस साधारण ५ ते ८ डॉलरला पडतं. करोनाच्या काळात ते पैसे मोजूनही मिळत नव्हतं. घरी काडतुसं भरणाऱ्यांना ती पेटवणारे प्रायमर मिळेनात. शिवाय बहुतेक सार्वजनिक रेंज १०० किंवा २०० यार्डांच्या असतात, आणि कित्येक ठिकाणी ही मोठी कॅलिबर चालवू देत नाहीत. हजार यार्डांची जागा गाठायला तासन् तास गाडी चालवावी लागते. रायफल सहज मिळते, तिला लागणारं बाकी काहीच सहज मिळत नाही.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. तुम्ही एच-वन किंवा एफ-वन व्हिसावर असाल, तर अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सवलत मिळते. इतर अपवाद मोजके आहेत. मित्राची रायफल रेंजवर हाती धरणंसुद्धा ताबा ठरू शकतं, आणि त्याची किंमत तुरुंग नाहीतर देशाबाहेर रवानगी. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांनाही हेच लागू आहे. हौसेनं त्यांच्या हातात रायफल देऊन फोटो काढू नका. ग्रीन कार्ड मिळालं की ही अडचण राहत नाही, तोवर थांबा.

आणि भारतात जाताना जपा. खिशात किंवा पिशवीच्या अस्तरात विसरलेलं एकच जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं असे कितीतरी गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर पोलीस ठाणं, वकील आणि बुडालेली सुट्टी हे सगळं भोगावं लागतं. रेंजवर नेलेली पिशवी आणि जाकीट विमानप्रवासाला कधीही वापरू नका, आणि घरच्यांनाही वापरू देऊ नका.