राजीनाम्याआधीची वही

दवाखान्यात लोक रिपोर्ट घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात खारघरचे एक गृहस्थ एक्सेलचं छापील पान घेऊन आले. वय ५६, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. पानावर पीएफ, ग्रॅच्युइटी, दोन एफडी, नेरुळच्या जुन्या वन बीएचकेचं भाडं असं सगळं मांडलेलं. मुलगी कमावती. खाली सीएने लाल पेनने ‘ओके’ लिहिलं होतं. म्हणाले, “डॉक्टर, पैशाचं झालं. आता तब्येतीचं तुम्ही सांगा. सोडू, की आणखी चार वर्षं रेटू?”

हा प्रश्न नवी मुंबईत हल्ली वरचेवर कानावर येतो. सिडकोची स्थापना १९७० सालची, हार्बर लोकल खाडी ओलांडून वाशीला आली ती १९९२ मध्ये. त्या सुमारास विशी-तिशीत इथे आलेली, पोटाला चिमटा काढून घराचे हप्ते फेडलेली पिढी आता एकदमच पंचावन्न-साठीला टेकली आहे. हप्ते फिटले, घराची किंमत कुठल्या कुठे गेली, आणि वडिलांच्या पिढीला कधी पडलाच नव्हता असा प्रश्न समोर आला.

आधीच सांगून टाकतो. मी ६४ वर्षांचा आहे. दवाखाना आवरा, असं घरचे दोन वर्षं सांगताहेत आणि मी ऐकत नाही. त्यामुळे या बाबतीत माझं मत थोडं हातचं राखूनच घ्या.

व्हॉट्सॲपवर एक तक्ता अधूनमधून उगवतो. पंचावन्नला निवृत्त झालेला माणूस त्र्याऐंशीपर्यंत जगतो आणि पासष्टला झालेला दीड वर्षात जातो, असं त्यात असतं. बोईंग कंपनीच्या नावावर खपवलेला हा तक्ता खोटा असल्याचं कंपनीनेच सांगितलं, पण तो काही मरत नाही. उलट्या बाजूचा पुरावाही जपून वाचावा लागतो. शेल ऑइलच्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पंचावन्नला निवृत्त झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पासष्टपर्यंत काम करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. मात्र लवकर बाहेर पडणाऱ्यांत आधीच आजारी असलेली माणसंही असतात. निवृत्त झाला म्हणून खचला, की खचला होता म्हणून निवृत्त झाला, हे आकड्यांतून सोडवणं अवघड असतं.

निवृत्तीचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे न ठरवता होऊन गेला. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून ९२ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. एमटीएनएलच्या मुंबई विभागात नवी मुंबईही येते, त्यामुळे त्यातले काही माझ्याकडेही येतात. शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटून झाले, आणि दोन महिन्यांच्या आत लॉकडाउन लागला. ज्यांनी फिरायचं, गावी जायचं, नाटकं बघायची असं ठरवलं होतं ते दिवाणखान्यात अडकले.

त्यांच्यातल्या, टेबलाशी बसून तक्रारी ऐकणाऱ्या एका बाईंची वीस वर्षांची डोकेदुखी तीन महिन्यांत ओसरली. रक्तदाबाची एक गोळी मी कमी केली. केबल जोडणाऱ्या एका गृहस्थांचं मात्र उलटं झालं. आयुष्यभर खड्ड्यात उकिडवं बसून तारा जुळवल्या, खांब चढले, गुडघे त्यामुळेच गेले अशी त्यांची खात्री होती. आता आराम मिळाल्यावर गुडघे सुधारायला हवे होते. सहा महिन्यांनी ते जिन्याचा कठडा धरून वर आले. मांडीला टेप लावून बघितली, घेर पार उतरला होता. सांध्याचा भार पेलणारा स्नायू कामामुळे टिकून होता, तो सोफ्यावर गेला. साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं तर दोन्ही पायांतला मिळून जवळजवळ किलोभर स्नायू जातो, हे मोजून पाहिलेलं आहे. सोफा म्हणजे अंथरूण नव्हे, पण सहा महिने म्हणजे दहा दिवसही नव्हेत.

नोकरी शरीराकडून काही घेते आणि शरीराला काही देतेही. काय देते ते आपण कधी मोजत नाही, कारण ते पगाराच्या स्लिपवर नसतं.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एक आजी माझ्याकडे येतात. वय ७१. जमीन सिडकोच्या संपादनात गेली, साडेबारा टक्क्यांच्या योजनेत भूखंड मिळाला, त्यावर आज इमारत आहे. महिन्याचं भाडं माझ्या दवाखान्याच्या गल्ल्याला लाजवेल. तरी आजी सकाळी मासळीची पाटी घेऊन बसतातच. मी एकदा विचारलं, कशाला? “घरान बसून काय करू? मना करमत नाय,” एवढंच उत्तर. त्यांची तीन महिन्यांची साखर ६.८. भाडं गोळा करणारा मुलगा चाळिशीचा, त्याची ९.४. मुलगा आळशी नाही, दिवसभर त्याच्या डोक्याला घोर असतो. पण त्याच्या कामाला फोन पुरतो, पाय लागत नाहीत.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला हिशेब असा: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. त्यात खारघर ते फोर्ट असा हार्बरचा जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास धरलेला नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कामाचा बोजा किती, याइतकंच आपल्या कामावर आपला ताबा किती, हेही हृदयाला महत्त्वाचं असतं. दहा तास राबून मनासारखं करणारा ठीक असतो. सात तास बसून दर तासाला कुणाच्या तरी मेलची वाट बघणारा लवकर माझ्याकडे येतो.

म्हणून त्या गृहस्थांना मी सोडा किंवा राहा, काहीच सांगितलं नाही. तीन आठवडे रजा घ्या म्हटलं. अट एकच, कुठेही जायचं नाही. महाबळेश्वर नाही, गणपतीला कोकणात नाही, मुलीकडे नाही. निवृत्ती म्हणजे सहल नसते, मंगळवारची दुपार असते. ती मंगळवारची दुपार चाखून बघा.

आणि एक वही करा. रजेआधीचा कामाचा एक आठवडा आणि रजेतला तिसरा आठवडा, दोन्हींची नोंद त्यात समोरासमोर हवी. पहिला आठवडा धरू नका, त्यात नुसती झोप भरून निघते. सकाळ-संध्याकाळ घरीच रक्तदाब घ्या. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर तो वाढलेला रक्तदाब. झोपलात किती वाजता आणि रात्री कितीदा उठलात ते लिहा. पावलं फोन मोजतोच. कंबर बेंबीच्या रेषेत मोजा, वजनापेक्षा ती खरं बोलते. दारू घेत असाल तर ग्लास किती हे नका लिहू, पहिला किती वाजता भरला ते लिहा. निवृत्तांच्या घरात साडेआठचा पेग सहावर कधी येतो ते कळतही नाही. आणि शेवटचा रकाना, आज किती माणसांशी बोललो.

कामाच्या आठवड्यात रक्तदाब चढा आणि रजेत उतरलेला असेल, तर नोकरी काय घेते ते कळलं. पावलं निम्मी आणि शेवटचा रकाना रिकामा असेल, तर ती काय देत होती तेही कळलं. बहुतेकांच्या वहीत दोन्ही निघतं. माझं स्वतःचं मत अशांनी निम्मं सोडावं असं आहे. तीन दिवस मागा, सल्लागार म्हणून मागा, कमी पगारावर मागा. तुमच्याकडे सीएचं ‘ओके’ आहे, मग घासाघीस करायला भीती कशाची? कंपनी नाहीच म्हणाली तर जे नोकरी देत होती ते आधी दुसरीकडून उभं करा, मग राजीनामा टाका. पालिकेच्या विरंगुळा केंद्रात एकदा डोकावून या. तिथे नुसते पत्तेच चालतात हा गैरसमज आहे, अर्थात पत्तेही चालतात.

काहींना मात्र मी वही लिहायला सांगत नाही. मधुमेह आहे आणि रात्रपाळी सुटत नाही, हृदय अशक्त झालंय आणि कामावर धाप लागते, अशांनी पैसे पुरत असतील तर थांबावं. (तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडीला मी हेच सांगतो. त्याच्याकडे एक्सेलचं पान नसतं, तो मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो.)

आणि ‘कंटाळा आलाय, सोडतो’ असं अचानक म्हणणाऱ्याला मी आधी तपासतो. पहाटे चारला जाग, भूक नाही, कशातच मन नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यात राजीनामा लिहू नये, आधी उपचार घ्यावेत. आयुष्यभर आकडे सांभाळलेला माणूस हल्ली चुका होतात म्हणून सोडू म्हणतो, तेव्हा बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्यावेत. शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघणं नित्याचं आहे.

सोडलंतच तर पहिल्या महिन्यात गोळ्या घेऊन या. ग्लिमेपिराइड घेणारा माणूस नोकरीत साडेसहाला गोळी आणि पावणेसातला नाश्ता करतो. निवृत्तीनंतर गोळी सवयीने साडेसहालाच जाते. मग फिरणं, पेपर, कट्टा होतो आणि नाश्ता येतो दहाला. नऊ वाजता दरदरून घाम आणि हातांना कंप. घरच्यांना वाटतं हार्ट ॲटॅक, असते उतरलेली साखर. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही डोस पुन्हा बघावा लागतो, नाहीतर उठताना चक्कर येते. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

मेडिक्लेमचं थोडक्यात. कंपनीचा गट विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते सत्तरी गाठल्यावर. ५६ ते ७० ही चौदा वर्षं तुमची तुम्हालाच काढायची आहेत.

ते गृहस्थ वही घेऊन परत आले. सरासरी कामाच्या आठवड्यात १४४/९०, रजेत १२८/८०. झोप रजेत दीड तासाने जास्त. पावलं आठ हजारांवरून अडीच हजारांवर, कारण कारखान्याच्या राउंडमध्येच पाच-एक हजार होत असत. शेवटच्या रकान्यात बुधवारी लिहिलं होतं, ‘१ (वॉचमन)’.

त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, ‘मला धरून २.’