इन्व्हर्टरच्या आधी वायर बघ

पोरा, पहूर पेठेत असो, कसब्यात असो की वाघूरकाठच्या मळ्यातल्या वस्तीवर, सोलर बसवायला गेलास की छतावर चढण्याआधी डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत जा. वायर कुठली, किती लांब, मध्ये जोड किती, हे स्वतः बघ. ऐन दुपारी इन्व्हर्टर ट्रिप होतो म्हणून बोलावणं येतं, तेव्हा इन्व्हर्टर क्वचितच बिघडलेला असतो.

गणित सोपं आहे. 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर भर उन्हात सुमारे 22 अँपिअर सोडतो. 6 स्क्वेअर मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर 100 मीटर ओढली, तर जाऊन-येऊन रोध एक ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे डीपीवर 235 व्होल्ट असले तरी घरात 257. केंद्रीय वीज प्राधिकरणाचा 2013 चा नियम आहे की व्होल्टेज 110 टक्क्यांच्या वर गेलं की दोन सेकंदांत लाईन सोडायची. 230 च्या हिशेबाने ती हद्द 253. आणि डीपीवर लोड नसताना फेज-न्यूट्रलमध्ये 250 च निघतात, हेही ध्यानात ठेव. 16 स्क्वेअर टाकलीस तर 22 ची वाढ आठवर येते. थ्री फेज दिलास तर तेवढ्याच विजेला, त्याच जाडीच्या तारेत, वाढ सहाव्या हिश्श्यावर येते. मीटरच्या अलीकडची वायर तू बदल, पलीकडच्या कामाला महावितरणकडे अर्ज दे. न्यूट्रलचा जोड आधी तपासून घे.

कुणी म्हणेल, ट्रिपची हद्द 270 करून टाक. करू नकोस. त्याच तारेवर शेजाऱ्याचा फ्रिज आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बंद पडतो, त्या संरक्षणाला तर हातच लावू नकोस. खांबावर लाईनमन असतो.

आता नीट ऐक. तगड्या लाईनवर इन्व्हर्टरने काहीही सोडलं तरी व्होल्टेज फारसं हलत नाही. कमजोर लाईनवर जे व्होल्टेज मोजून तो स्वतःला सावरतो, तेच त्याच्यामुळे हलतं. घाईने सावरला की जास्त सावरतो, मग उलटा फिरतो, आणि व्होल्टेज डोलायला लागतं. म्हणून टोकाच्या लाईनवर प्रतिसाद संथ ठेव. व्होल्टेज वाढेल तसे वॅट हळूहळू कमी करणारी सोय असेल तर चालू कर. रिअॅक्टिव्ह पॉवरने व्होल्टेज उतरवायची सोय 11 केव्हीच्या लांब लाईनवर चांगली चालते. घरगुती बारीक तारेत रोधच जास्त, तिथे थोडाच उपयोग. एका गल्लीत चार-पाच इन्व्हर्टर एकदम ट्रिप होतात, साठ सेकंद थांबून एकदमच परत येतात. त्यांना तिन्ही फेजवर वाटून दे, परत येण्याच्या वेळा पुढेमागे ठेव.

हे फक्त गल्लीपुरतं नाही. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात कमजोर ग्रिडवरच्या पाच सोलर प्रकल्पांचं उत्पादन व्होल्टेज डोलण्याच्या भीतीने निम्म्यावर आणलं होतं. इन्व्हर्टरची सेटिंग सुधारल्यावर 2020 मध्ये बंधन उठलं. आपल्याकडे साक्रीला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प आहे, आणि सौर कृषी वाहिनी योजनेतून गावोगावच्या सबस्टेशनला सोलर जोडलं जातंय. हे काम तुमच्याच हातून व्हायचं आहे.

गिऱ्हाईक वायरच्या खर्चाला कुरकुरेल. त्याला दुपारी बारा वाजता दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजून दाखव, कागदावर लिहून दे, आणि मगच कोटेशन काढ.