श्रोडिंजर, वेदान्त आणि हायड्रोजनची लाल रेषा

पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, आपल्या उपनिषदांत आधीच सांगितलेली आहे, असे तुमच्या कानांवर कधीतरी आले असेल. हे कितपत खरे, ते एका उदाहरणावरून पाहू.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंजर यांना वेदान्ताची मनापासून ओढ होती. सर्वांच्या ठायी असलेली जाणीव मुळात एकच, हा विचार त्यांना पटला होता. १९२५ साली त्यांनी त्यावर लिहिलेही. लगेच १९२६ साली त्यांचे तरंग-समीकरण प्रसिद्ध झाले. मग ते वेदान्तातून निघाले काय?

नाही. त्याचे मूळ लुई द ब्रॉग्ली यांच्या १९२४ मधील कल्पनेत आहे: इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगलांबी असते. श्रोडिंजर यांनी आपले समीकरण हायड्रोजनच्या अणूला लावले, तेव्हा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या मिळाल्या. पहिली उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसरी उणे ३.४, तिसरी उणे १.५१. तिसरीवरून दुसरीवर येताना इलेक्ट्रॉन १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने देतो. या प्रकाशाची तरंगलांबी किती? सुमारे ६५६ नॅनोमीटर. हायड्रोजनच्या वर्णपटातील लाल रेषा नेमकी तेथेच आहे! असा मेळ बसला, म्हणूनच समीकरण मान्य झाले.

उपनिषदांचा प्रश्न ‘मी कोण?’ हा आहे. ही रेषा कोठे पडेल, हा नव्हे. त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. मात्र साम्यातून स्फूर्ती मिळू शकते, पुरावा मिळत नाही. यापुढे असे साम्य कोणी सांगितले, तर नम्रपणे एवढेच विचारा: यातून मोजून पाहता येईल असा आकडा कोणता?