शास्त्राभ्यास : वहीत मांडलेली प्रीती

पाठ : फिलेमोनाला पत्र, वचने १ ते २५. सोबत वाचावे : कलस्सैकरांस पत्र ४:७-९, मत्तय ५:२३-२४.



पौल प्रेषिताच्या पत्रांपैकी सर्वांत लहान पत्र ते हेच. अवघी पंचवीस वचने. एका बैठकीत सहज वाचून होतात. धन्याचे व दासाचे बिनसले आहे आणि एक वृद्ध बंदिवान ते नीट करू पाहत आहे, एवढाच यातील विषय. तथापि शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे ज्यास शिकावयाचे आहे, त्याने हे पत्र पुनःपुन्हा वाचावे.

पूर्ववृत्त. आज ज्यास तुर्कस्तान म्हणतात त्या देशात पूर्वी कलस्सै नावाचे नगर होते. फिलेमोन तेथील गृहस्थ. त्याच्याच घरी मंडळी उपासनेस जमत असे. अनेसिम हा त्याचा दास. त्या काळच्या रोमी कायद्याने दास ही धन्याची मालमत्ता होती. पळून गेलेला दास सापडला तर त्यास बेड्या घालीत, फटके मारीत, कपाळी डागही देत. हा अनेसिम धन्यापासून दूर झाला. धन्याचे काही नुकसानही त्याच्या हातून झाले असावे, असे पौलाच्या शब्दांवरून दिसते. पुढे बंदीत असलेल्या पौलाशी त्याची गाठ पडली आणि तो प्रभूचा झाला. अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. पूर्वी हा नावाचाच उपयोगी होता, आता खराच उपयोगी झाला आहे, अशा आशयाचा गोड विनोद पौलाने पत्रात केला आहे.

या पत्रात तीन माणसे आहेत आणि तिघांसही काहीतरी सोसावे लागले आहे. ते आपण क्रमाने पाहू.

१. परत जाणारा. अनेसिमाचा विश्वास खरा होता, हे कशावरून? तो परत गेला यावरून. पौलाजवळ राहून सेवा करणे त्यास सोपे होते, आणि पौलासही तो हवा होता. परंतु मागे मोडून ठेवलेले तसेच टाकून पुढे भक्ती करावी, हे दोघांसही बरे वाटले नाही. तुखिकाच्या सोबतीने, हाती हे पत्र घेऊन, तो त्याच दाराशी गेला, जेथे त्याचे काय होईल याची शाश्वती नव्हती. बाप्तिस्म्याने जुने पाप धुतले जाते खरे; पण जुने देणे शेजाऱ्याच्या वहीत राहतेच. विश्वासू मनुष्य ते विसरत नाही.

२. स्वीकारणारा. फिलेमोनाचा हक्क कायद्याने पक्का होता. पौल त्यास आज्ञा करू शकत होता, पण करीत नाही. प्रीतीस्तव विनंती करतो. कारण बळाने काढून घेतलेले चांगुलपण हे चांगुलपण नव्हे. परंतु ती विनंती किती मोठी आहे पाहा! शिक्षा करू नको, एवढेच मागून तो थांबत नाही. मी स्वतः आलो असतो तर माझे जसे स्वागत केले असतेस तसे याचे कर. दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून कर, असे तो मागतो. म्हणजे काल जो पाय धुण्यास पाणी आणीत होता, तो आज प्रभूच्या मेजाशी मांडीला मांडी लावून बसणार. आणखी एक गोष्ट. हे पत्र फिलेमोनाबरोबरच त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीसही लिहिले आहे. तेव्हा ते वाचून गुपचूप उशाखाली ठेवण्याची सोय त्यास उरली नाही.

३. भरून देणारा. झाले ते झाले, सोडून दे, असे पौल म्हणत नाही. नुकसान हे नुकसानच. तो म्हणतो, याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. इतकेच नव्हे, तर कर्जरोख्यावर सही करावी तसे ते वचन स्वतःच्या हाताने लिहून देतो. तंबू शिवून पोट भरणारा हा मनुष्य, तोही बेड्यांत. त्याच्यापाशी द्रव्य ते काय असणार? पण त्याने आपल्या धन्याजवळ हे शिकून घेतले होते. आपणां सर्वांचे देणे प्रभूने वधस्तंभावर आपल्या नावावर घेतले, हेच तर आपले शुभवर्तमान.

एक सावधगिरी. या पत्राचा दुरुपयोगही झाला आहे. इ. स. १८५० मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांस धन्याच्या हवाली करण्याचा कडक कायदा झाला, तेव्हा कित्येक उपदेशकांनी त्याच्या समर्थनार्थ याच पत्राचा आधार घेतला. त्यांनी अनेसिमाचे परत जाणे वाचले. त्याचे बंधू होणे वाचले नाही. आपल्या देशात १८४३ च्या कायद्याने गुलामावरील धन्याचा हक्क न्यायालयांत चालेनासा झाला आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. म्हणून गांजलेल्या सालदारास किंवा मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीस, ‘निमूट परत जा’ असे सांगण्यासाठी कोणी हे पत्र उघडू नये. परत पाठविण्यापूर्वी पौलाने स्वतःस जामीन ठेवले होते, हे ध्यानात असावे.

आचरणास लागू करणे. आम्ही एका खेड्यात गेलो असता तेथील मंडळीतील दोघे बंधू एकमेकांशी बोलत नसल्याचे आढळले. एकाने दुसऱ्याचा बैल नांगरटीस नेला आणि त्याच्या हयगयीने बैलाचा पाय मोडला. धनी म्हणे, ‘मी क्षमा केली आहे’; पण प्रभुभोजनाच्या वेळी तो दुसऱ्या टोकास जाऊन बसे. नेणारा म्हणे, ‘देवाने मला क्षमा केली आहे’. पण बैलाचा एक पैसाही त्याने दिला नव्हता. दोघांच्याही तोंडी क्षमेचा शब्द होता आणि दोघांच्याही पदरचे काही गेले नव्हते. अखेर तेथील उपदेशकाने, ज्याचे वेतन ते किती, सांगितले की अर्धी रक्कम मी हप्त्याहप्त्याने देतो. ते ऐकून नेणाऱ्याची मान खाली गेली, आणि पुढच्या सुगीनंतर त्याने स्वतःच सर्व रक्कम आणून दिली. धन्याने त्यातले निम्मे परत केले. त्या दिवशी त्या मंडळीस फिलेमोनाच्या पत्राचा अर्थ आमच्या व्याख्यानावाचून समजला.

प्रीती ही गाण्यात व प्रार्थनेत सोपी आहे. वहीत मांडू लागलो म्हणजे कठीण होते. पण वहीत जिचा आकडा कोठेच पडत नाही, ती प्रीती शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचलीच नाही असे समजावे.

पत्राच्या शेवटी पौल फिलेमोनास आपल्यासाठी उतरण्याची जागा तयार ठेवण्यास सांगतो. तो येणार आहे आणि अनेसिमास कोठे बसविले आहे, हे पाहणार आहे. आपल्याही घरी एक पाहुणा येणार आहे, हे आपण जाणतोच.

विचारासाठी प्रश्न :

१. आपण कोणाचे काही देणे लागतो काय? पैसा, धान्य, की क्षमेची याचना?

२. ज्यास क्षमा केली असे आपण म्हणतो, त्याच्या शेजारी बसून जेवतो काय?

३. आपल्या मंडळीत दोघांचे बिनसले आहे काय? त्यांच्यामध्ये उभे राहून काही भरून देण्यास कोण तयार आहे?

पुढील उपासनेपूर्वी प्रत्येकाने एका नावासाठी प्रार्थना करावी आणि मग उठून त्या घराची वाट धरावी.